कथा न वाचता परत केल्याबाबत

चनमल्लप्पा कलशेट्टीला सगळं सोलापूर रायटर म्हणायचं, आणि नेमकं त्याच शब्दाचं त्याला दुःख होतं.

कचेरीच्या फाटकाबाहेर लिंबाखाली त्याचं टेबल होतं आणि टेबलावर मराठी टाईपरायटर. लोकांना अर्ज लिहून देणं हा त्याचा धंदा. बार्शीकडून, अक्कलकोटकडून, पार केमहून रेल्वेनं माणसं यायची, त्याच्यासमोर बसकण मारायची आणि आपलं गाऱ्हाणं आजोबांपासून सुरू करायची. चनमल्लप्पा ऐकता ऐकता मनातल्या मनात त्यातला पालापाचोळा झाडून टाकायचा आणि मग खडखड खडखड सुरू. कलशेट्टीचा अर्ज साहेब शेवटपर्यंत वाचतो, अशी त्याची ख्याती होती. शेजारी स्टँप विकायला बसणारा म्हातारा वीरभद्रप्पा तर लोकांना छातीवर हात ठेवून सांगायचा, "ह्याचं मशीन नाही बे, देवाचं दार आहे."

पण चनमल्लप्पाच्या लेखी ही नुसती हमाली होती. त्याचं खरं लेखन घरी चालायचं, पहाटे, मिलचा पहिला भोंगा वाजायच्या आत. तो कथा लिहायचा. शोककथा.

त्याच्या कथांतल्या मुली महाबळेश्वरला बंगल्यात राहायच्या, पियानो वाजवायच्या आणि खोकायच्या. चनमल्लप्पा स्वतः महाबळेश्वरला कधी गेला नव्हता. पियानो त्यानं एकदा मिशनच्या शाळेच्या खिडकीतून बघितला होता, तोही झाकलेला. तरीपण लिहिताना त्याचे डोळे भरून यायचे. एकोणीस कथा झाल्या होत्या. त्यांत मिळून सतरा नायिका वारल्या आणि उरलेल्या दोघी वेड्या झाल्या.

या एकोणीसही कथा पुण्याच्या 'केतकीबन' मासिकाकडे जाऊन परत आल्या होत्या. प्रत्येकीबरोबर तीच छापील चिठ्ठी असायची: 'जागेअभावी साभार परत.' पोस्टमन शिवयोगी जाड पाकीट घेऊन गल्लीत शिरला, की चनमल्लप्पाच्या दोन्ही मुली टाळ्या पिटायच्या. कारण बायको दाक्षायणीचा नेम होता, कथा परत आली की त्या दिवशी शेंगापोळी करायची. नवऱ्याच्या तोंडाची चव परत यावी म्हणून. चनमल्लप्पा पहिली पोळी सुस्कारे टाकत खायचा, दुसरी गप्प बसून, आणि तिसरीला म्हणायचा, "अगं, वाचतच नाहीत ते. वाचली असती तर परत पाठवायची छाती झाली नसती त्यांची."

हा त्याचा मोठा आधार होता. आपल्याला कुणी नाकारलेलं नाही, आपल्याला अजून कुणी वाचलेलंच नाही.

विसाव्या कथेच्या वेळी त्यानं याचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. कथेचं नाव 'अश्रूंची समाधी', पानं अठरा. पाठवण्याआधी त्यानं सहावं आणि सातवं पान डिंकाचा एक थेंब लावून अलगद चिकटवलं. इतकं अलगद, की वाचणाऱ्यानं नुसती फुंकर घातली तरी सुटावं. आठ महिन्यांनी, चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, पाकीट परत आलं. चनमल्लप्पानं उभ्याउभ्याच ते फोडलं. दोन्ही पानं नवरानवरीसारखी एकमेकांना चिकटून होती.

त्या दिवशी त्यानं पोळीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कचेरीसमोर आला, टेबल झटकलं, कागद चढवला आणि कुणाशी न बोलता मशीन बडवायला लागला. समोर बाळाबाई नावाची एक बाई येऊन बसली होती. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, बार्शी रस्त्यावरच्या खडकवस्तीची. तिनं तोंड उघडलं तसं चनमल्लप्पा म्हणाला, "थांबा बाई. आज पहिला अर्ज माझा."

"थांबते की," बाळाबाई म्हणाली. "कुटं गाडी चुकतीया माजी? गाडीच न्हाय."

अर्ज झाला. चनमल्लप्पाला तो कुणालातरी ऐकवल्याशिवाय राहवेना. वीरभद्रप्पाकडे वळून त्यानं घसा खाकरला आणि वाचायला लागला.

"मेहेरबान संपादकसाहेब, मासिक 'केतकीबन', पुणे, यांचे सेवेशी. विषय : कथा न वाचता परत केल्याबाबत. अर्जदार चनमल्लप्पा शिवलिंगप्पा कलशेट्टी, वय पंचेचाळीस, धंदा अर्ज लिहिणे, राहणार सोलापूर, विनंतीपूर्वक अर्ज करतो की,

"कलम एक. अर्जदाराची 'अश्रूंची समाधी' ही कथा आपल्या ताब्यात आठ महिने होती. एवढ्या अवधीत अर्जदाराच्या मेव्हणीचे लग्न ठरले, झाले, व तिला दिवसही राहिले. परंतु आपल्याकडून सहावे पान उलटणे झाले नाही.

"कलम दोन. सदर पान अर्जदाराने सातव्या पानास डिंकाने चिकटवले होते. ते जसेच्या तसे परत आले आहे. डिंकाबद्दल तक्रार नाही.

"कलम तीन. सहाव्या पानाच्या अखेरीस नायिका सुचरिता ही गच्चीच्या कठड्यावर चढून उभी आहे. ती सातव्या पानावर खाली उतरते. आपण सातवे पान न उघडल्यामुळे सदर बाई आठ महिने कठड्यावर उभी आहे. तिला खोकला असून मधे थंडीचे दिवस येऊन गेले.

"कलम चार. जागेअभावी कथा परत केल्याचे आपण म्हणता. चालू अंकात केसांच्या तेलाला तीन पाने जागा दिलेली दिसते. सुचरितेचे केसही गुडघ्यापर्यंत आहेत, हे वाचले असते तर आपणास कळले असते.

"तरी साहेबांनी सदर बाईस खाली उतरवून घेण्याची तजवीज करावी, ही विनंती."

चनमल्लप्पाचा आवाज शेवटी रागानं थरथरत होता. त्यानं मान वर केली तर वीरभद्रप्पा स्टँपाच्या पेटीवर डोकं टेकून हसत होता, आणि बाळाबाईनं पदर तोंडात कोंबला होता.

"बया!" ती कशीबशी म्हणाली. "आजून उबीच हाय व्हय ती?"

"यात हसण्यासारखं काय आहे?" चनमल्लप्पा चिडला.

"न्हाय वो रायटरसायेब. पन उतरवा की तिला. पोरीची जात."

त्यानं पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं आणि रागातच बाळाबाईचं गाऱ्हाणं ऐकायला बसला. गाऱ्हाणं सोपं होतं. बार्शीची एसटी खडकवस्तीवरून रोज जायची, पण थांबायची नाही. गाडी पकडायला दोन कोस चालत पुढच्या गावी जावं लागायचं. बाळाबाईनं तीनदा अर्ज केले होते, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊन. तिन्ही वेळा नकार आला होता. चनमल्लप्पाच्या अंगात अजून तोच जोर होता. त्याच झटक्यात त्यानं तिचाही अर्ज बडवून काढला, अंगठा घेतला आणि तिला वाटेला लावलं.

तीन आठवड्यांनी शिवयोगी आला. "पातळ आहे," म्हणून महानंदा, थोरली मुलगी, हिरमुसली. पण चनमल्लप्पानं पाकीट शिवयोगीच्या हातून ओढूनच घेतलं. पातळ पाकीट पुण्याहून आजवर कधी आलंच नव्हतं. आत संपादकांच्या हातची चार ओळींची चिठ्ठी होती. 'आपला तक्रार अर्ज पोचला. कलम एक ते चार मान्य. कलम तीन वाचून तर जिवाला घोर लागला. कथा पुन्हा पाठवावी. मी स्वतः वाचतो.'

चनमल्लप्पानं त्याच दिवशी कथा रजिस्टर पोस्टानं पाठवली. या खेपेला डिंक नाही. मग त्यानं वीरभद्रप्पाला चहा पाजला, शिवयोगीला चहा पाजला, कचेरीतल्या पट्टेवाल्याला बोलावून चहा पाजला. "वाचणार आहेत," तो भेटेल त्याला सांगत होता. "स्वतः वाचणार आहेत."

दाक्षायणी एवढंच म्हणाली, "वाचू देत की आधी."

दीड महिन्यानं उत्तर आलं. पाकीट जाड होतं, पण छापील चिठ्ठी नव्हती.

'कथा पहिल्या पानापासून अठराव्यापर्यंत वाचली. शेवटचं पान दोनदा वाचलं, आपल्यावर अन्याय नको म्हणून. छापता येणार नाही. सुचरिताबाई कठड्यावरून उतरल्या काय आणि न उतरल्या काय, मला काहीच वाटलं नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. त्यांना आपण कधी भेटला नाहीत, असं दिसतं. आपल्या अर्जातल्या बाईची मात्र मला काळजी लागून राहिली होती. आमच्या कचेरीत तो अर्ज तीनदा मोठ्यानं वाचून झाला. दिवाळी अंकात छापायची परवानगी द्याल का?'

चनमल्लप्पा पायरीवर बसला. एकोणीस वेळा जे दुखलं नव्हतं ते आता दुखायला लागलं. आता म्हणायला काही उरलं नव्हतं. वाचलं होतं. माणसानं नीट, प्रामाणिकपणे, शेवटचं पान दोनदा वाचून नको म्हटलं होतं. वर त्याची शोभा करायला निघाले होते! ज्या कागदावर त्यानं काळीज काढून ठेवलं तो परत, आणि जो रागानं बडवला तो दिवाळी अंकात.

"मी काय विदूषक आहे?" तो म्हणाला.

दाक्षायणीनं चिठ्ठी घेतली. शाळेत कन्नड शिकलेली बाई, मराठी अक्षरं बोट ठेवून वाचायची. सगळी वाचून झाल्यावर तिनं ती घडी करून त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

"एक बोलू का? रागवायचं नाही."

"बोल."

"मला पण त्या बाईचं काही वाटलं नव्हतं. त्या आधीच्या बाईचं पण नाही."

चनमल्लप्पा तिच्याकडे बघतच राहिला. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार री? तुम्ही वाचून दाखवता आणि डोळे पुसता. डोळे पुसणाऱ्या माणसाला काय सांगायचं?"

 त्यानं 'अश्रूंची समाधी' ट्रंकेत तळाशी टाकली आणि जाहीर केलं की आजपासून लेखन बंद. साकु. पुरे झालं.

लेखन बंद झालं, पण पहाटे जाग यायची काही बंद होईना. काही करायला नाही म्हणून तो उठून बंब पेटवायला लागला. घरात पहिल्यांदाच सगळ्यांना वेळेवर गरम पाणी मिळू लागलं. मुली खूश, दाक्षायणी खूश. चनमल्लप्पा बंबासमोर पाटावर बसून जाळाकडे बघायचा आणि एखाद्या सासुरवाशिणीसारखा उसासा टाकायचा. संपादकांना त्यानं हो कळवलं नाही आणि नाहीही कळवलं नाही. वीरभद्रप्पानं दोन दिवस त्याचं तोंड बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "काय बे चनमल्ल्या, तूच आहेस का आत, का मशीन एकटंच येतंय?"

अशात जूनमध्ये एके दिवशी बाळाबाई उगवली. अंगावर नवं लुगडं, हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी. जुडी तिनं धाडकन टेबलावर टाकली.

"थांबली!"

"कोण थांबली?"

"एष्टी वो! खडकवस्तीला. हात केला की थांबतीया." ती खाली बसली. "डेपोतल्या सायबानं काय केलं म्हाईतीय का? तुमचा अर्ज वाचला, हसला, दुसऱ्या सायबाला हाक मारली, त्येला वाचून दावला. समदी खोली हसली. आन् सही केली. मला म्हनला, बाळाबाई तुमीच व्हय? माज्या मनात आलं, ह्येला काय झालं? रायटरसायेब, लिवलं हुतं काय वो त्यात? मला तर अक्षर येत न्हाय."

चनमल्लप्पाला आठवेना. रागाच्या भरात लिहिलेला तो. त्यानं पेटीतून कार्बनची प्रत शोधून काढली आणि वाचायला लागला.

"...सदर बस इतक्या वेगाने जाते की वस्तीवरच्या कोंबड्या तिचा हॉर्न ओळखून रस्ता सोडतात. माणसांना मात्र गाडीच्या आत बाक असतात हे ऐकूनच माहीत आहे. अर्जदार बाळाबाई गेली चार वर्षे ड्रायव्हरला हात दाखवते. ड्रायव्हरही आता तिला हात दाखवतो. ओळख वाढली आहे, गाडी थांबलेली नाही..."

"व्हय व्हय!" बाळाबाईनं मांडीवर थाप मारली. "दावतोय की हात! दात बी काडतोय मेला!"

रांगेतली माणसं जवळ सरकली. कुणीतरी म्हणालं, परत वाचा. चनमल्लप्पानं परत वाचलं. हात दाखवण्याच्या जागी पुन्हा हशा झाला, आणि या वेळी त्यानं वर मान करून बघितलं. बाळाबाईची कुणी टिंगल करत नव्हतं. उलट एक म्हातारा तिला विचारत होता, चार वर्षं हात दाखवत होतीस? खरंच? शाबास की गं.

गर्दी पांगल्यावर चनमल्लप्पानं हळूच विचारलं, "बाई, तीनदा नाही म्हणाले तेव्हा वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. लई वाटलं. पयल्यांदा तर म्यां गाडीवर शेन फेकलं."

"मग?"

"मग काय? गाडी गेली निगून. हात माजाच भरला. धुतला, घरी जाऊन भाकरी केली, खाल्ली." बाळाबाईनं त्याच्याकडे नवलानं बघितलं. "गाडी रोज जातीया की त्या रस्त्यानं. मग मी कशापायी हात खाली घिऊ?"

त्या संध्याकाळी चनमल्लप्पानं पोस्टकार्ड लिहिलं. परवानगी आहे. फक्त नाव पूर्ण छापावं, वडिलांच्या नावासकट. आणि खाली, जरा थांबून: 'सुचरिताबाईंना मी भेटलेलो नाही, हे आपले म्हणणे खरे आहे.'

दिवाळी अंक वसुबारसेला आला. पान एकशे बारा. नाव छापलं होतं 'चंद्रमल्लप्पा'.

"हा कोण बे?" वीरभद्रप्पानं चष्मा वर-खाली केला. चनमल्लप्पाला दोन घटका राग आला. मग त्यानं शाईच्या पेनानं ते नाव दुरुस्त केलं, फक्त आपल्या अंकात नव्हे, स्टँडवरच्या बुकस्टॉलवर जाऊन तिथल्या चारही अंकांत. दुकानदार काही बोलायच्या आत एक अंक विकत घेऊन तो बाहेर पडला.

घरी दाक्षायणी अंक मांडीवर घेऊन बसली. बोट ठेवत ठेवत कलम एकपाशी आली आणि थांबली.

"अय्यो! माझ्या बहिणीचं पोट पुण्याला छापून आणलंत?"

"नाव कुठं घातलंय तिचं?"

"मेव्हणी म्हटलंय! तुम्हाला मेव्हण्या आहेत किती? एकच की!"

तिनं रागानं पुढचं वाचायला घेतलं. कलम दोनला तिचे ओठ हलले. कलम तीनला ती खांद्यापासून हलायला लागली. "खोकला असून..." एवढंच म्हणून तिनं अंक तोंडावर धरला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि त्यानं लिहिलेल्या कशावर तरी ती पहिल्यांदाच इतकी हसत होती. चनमल्लप्पा दाराशी उभा राहून, आपलं लक्षच नाही असं दाखवत, सगळं बघत होता.

दिवाळीनंतर त्यानं पहाटेचं लेखन पुन्हा सुरू केलं. पहिल्या दिवशी सवयीनं बंगला लिहिला, तो खोडला, आणि त्या जागी खडकवस्ती लिहिली. महिनाभरानं कथा पुण्याला गेली आणि तीन आठवड्यांत परत आली. चनमल्लप्पानं पाकीट फोडलं. पहिल्याच पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'बाई झकास. पण गाडी थांबली तिथं तुम्हीही थांबलात. ती गाडीत चढल्यावर काय झालं? लिहून पुन्हा पाठवा.'

काय झालं होतं, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या सोमवारी बाळाबाई कुणा शेजारणीला अर्जासाठी घेऊन आली, तेव्हा त्यानं आधी तेच काढलं.

"बाई, पहिल्या दिवशी गाडी थांबली. तुम्ही चढलात. मग काय झालं?"

बाळाबाई लाजली. पदर सारखा करत म्हणाली, "आता काय सांगावं? कंडक्टरनं इचारलं, आजी, कुटलं तिकीट? आन् मला सांगायला सुचंना. चार वर्सं गाडी थांबवायचंच डोस्क्यात. जायाचं कुटं, त्येचा इचारच न्हवता केला."

"मग?"

"मग बसले की खिडकीला. म्हनलं, दे वैरागचं. लेक हाय तितं. ती घाबरली. आई, काय काम काडलंस गं अशी अवचित? म्हनलं, काम कसलं? गाडी थांबली, म्हनून आले."

चनमल्लप्पानं मशीनवर चढलेला शेजारणीचा अर्ज हळूच काढून बाजूला ठेवला. "दोनच मिनिटं हं, ताई," तो तिला म्हणाला आणि नवा कागद चढवला. "हां बाई. खिडकीला बसलात. शेजारी कोण होतं?"